गज कुठपर्यंत जातो

आमच्या ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा, जो लोखंडी गज आहे त्याच्या वरच्या टोकाला, दोन बोटं खाली, एक खाच आहे. कानशीने घासून केलेली, गोल फिरवलेली. लहानपणी मला वाटायचं की गज कुठेतरी आपटून चरा पडला असेल. ती खाच आजोबांनी मुद्दाम केली होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ती कशासाठी केली होती हे नीट, अंगावर काटा येऊन कळायला तर एप्रिल 2020 उजाडावा लागला.

पण आधी बंदुकांबद्दल सांगतो, कारण घाटावरच्या मित्रांना घरात बंदूक म्हटलं की पहिल्यांदा गुंडगिरीच आठवते. आमच्या सिंधुदुर्गात तसं नाही. इथे शेतीसंरक्षणाची बंदूक म्हणजे कोयता, काठी, बॅटरी यांच्याच रांगेतली वस्तू. भातात डुक्कर येतो, काजूत आणि माडावर माकडं येतात, रात्री शेतमांगरात जाऊन बसावं लागतं. 1959 च्या शस्त्र कायद्यातसुद्धा पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा अशी वेगळी तरतूद आहे. आजोबांचा परवाना 1963 सालचा, त्या जुन्या वहीवरचे शिक्के आता फिकट जांभळे झालेत पण सही अजून वाचता येते. आजोबा गेल्यावर ती बंदूक बाबांच्या नावावर आली, बाबांनी 1984 ला बारा बोअरची सिंगल बार, म्हणजे एका नळीची काडतुसाची बंदूक घेतली, आणि 2017 मध्ये बाबांची सत्तरी उलटून गेल्यावर दोन्ही माझ्या नावावर वर्ग केल्या. सत्तरी झाली की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं, त्यामुळे बाबा स्वतः माझ्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला आले होते. येताना एसटीत एवढंच म्हणाले, "आता तुझी जबाबदारी. आधी गज घाल, मगे बोल." त्यानंतर वर्षभरात बाबा गेले.

दोन बंदुका म्हणजे खरं तर भरपूर होतं. एक आवाजाला, एक खऱ्या कामाला. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि माकडाला तर कोणी मारतही नाही, नुसता कोरा, म्हणजे छर्रे न घालता बार काढायचा की टोळी दोन दिवस फिरकत नाही. त्या कामाला ठासणीची उत्तम, दारू थोडी आणि आवाज डोंगर हलवणारा.

तरीपण मला तिसरी हवी होती.

हे मी सरळच लिहितो, कारण हवं असण्यात काही लाज वाटत नाही मला. आमच्या बाजूला एक डॉक्टर होते, आता खूप म्हातारे झालेत, मुलं परदेशात. त्यांच्याकडे इंग्लिश डबल बार होती, बर्मिंगहॅमची, नळ्यांच्या खाली टेस्टिंगचे ते बारीक ठसे असतात ना, मुकुटाचे, ते सगळे शाबूत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ताप आला म्हणून आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली होती, तेव्हा त्यांनी ती उघडून टेबलावर पुसायला ठेवली होती आणि मला म्हणाले बघ नळीतून, आणि मी बघितलं तर आत चांदीसारखी गोल गोल वलयं, एकात एक, लांब जाणारी आणि शेवटी खिडकीतलं आभाळ. ताप उतरला पण ते वलय डोक्यातून कधी उतरलं नाही. पुढे मला कळलं की तिच्या दोन नळ्या सारख्या नसतात, उजवी मोकळी आणि डावी तोंडाशी किंचित आवळलेली, म्हणजे पहिला चाप जवळच्यासाठी आणि दुसरा लांबच्यासाठी, छर्रे लांबपर्यंत एकत्र राहावेत म्हणून. आणि बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. असल्या गोष्टी कळत गेल्या की माणूस त्या वस्तूत अडकत जातो. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, त्यामुळे असली इंग्लिश बंदूक आता नवी येत नाही, आहेत त्याच हातातून हातात फिरतात.

डॉक्टरांनी 2019 च्या उन्हाळ्यात निरोप पाठवला की आता माझ्याने होत नाही, तुला हवी तर घे. मी कागदपत्रांच्या मागे लागलो. तेव्हा तीनपर्यंत चालायच्या, 1983 पासूनची मर्यादा होती ती, म्हणजे माझ्याकडे बरोब्बर एक जागा रिकामी होती आणि मला तो अगदी शुभशकुन वाटला. नोव्हेंबर 2019 च्या शेवटी ती परवान्यावर चढली. त्या दिवशी बायको म्हणाली, "ह्या घरात माणसां तीन आणि बंदुको पण तीन." आई धरली तर माणसं चार होतात असं मी म्हटलं, तर म्हणाली मग चौथी पण आणा.

आणि पंधरा-वीस दिवसांत कायदा बदलला. डिसेंबर 2019 मध्ये संसदेत दुरुस्ती झाली, 14 डिसेंबरपासून लागू, एका परवान्यावर तीनऐवजी दोन. विधेयकात तर आधी एकच होती, चर्चेत दोन झाली. वाडवडिलांच्या वारशाने आली तरीही दोनच. ज्यांच्याकडे तिसरी आहे त्यांनी वर्षभराच्या आत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. मी अतिशय चिडलो होतो. मी कोणाला त्रास दिला होता, माझ्या घरात काय गुन्हा घडला होता, गावठी कट्टे बनवणारे काय परवाना घेऊन बनवतात का, हे सगळं मी ज्याला त्याला ऐकवत होतो आणि आजही मला ते म्हणणं सगळंच चुकीचं वाटत नाही. उत्तरेत लग्नात हवेत गोळ्या झाडतात, त्याची झळ आम्हाला का. पण तेव्हा मी एकच प्रश्न घेऊन बसलो होतो, कायदा मला आकडा सांगणारा कोण. माझा आकडा काय असावा हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तीन चालत होत्या म्हणून तीन, उद्या दहा चालल्या असत्या तर मी दहा खुंट्या ठोकल्या असत्या.

मग लॉकडाऊन लागला. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, हॉस्टेलवरून घरी आलेला, शाळा नाही, खेळायला कोणी नाही, मोबाईलला रेंज आली तर आली. एप्रिलमधली दुपार, मी पडवीत डबल बार उघडून बसलो होतो, तिचंच तेलपाणी, त्या काळात मी दिवसाआड तिलाच घेऊन बसायचो. मुलाने माजघरातून ठासणीची काढून आणली, मला त्यात काही वाटलं नाही, ती आमच्या घरात केरसुणीसारखी असते, सगळ्यांच्या हाताखालची. तो खळ्यात उभा राहून तिचा घोडा मागे ओढत होता आणि माडावरच्या कावळ्यावर नेम धरत होता, आणि आई सूप घेऊन त्याच्या समोरून गेली. दहा फुटांवरून गेली असेल. मी म्हटलं अरे माणूस समोर असताना नळी खाली, रिकामी असली तरी खाली. तो म्हणाला रिकामीच आहे ना? मी म्हटलं हो रिकामीच आहे. आणि म्हणतानाच मला जाणवलं की मी हे नुसतं म्हणतोय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काडतुसाची बंदूक मोडून उघडली की समोर दिसतं, काडतूस आहे की नाही, नळीतून उजेड दिसतो. ठासणीच्या बंदुकीला मागून तोंडच नाही. तोंडातून दारू ओतायची, वरून काथ्या नाहीतर चिंधी गजाने ठासायची, मग छर्रे, मग परत चिंधी, मागे निपलवर तांब्याची केप बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत. भरलेली आणि रिकामी बाहेरून एकसारखी दिसते. वजनात फरक कळत नाही. तिला विचारायचा मार्ग एकच, गज.

मी मुलाच्या हातातून ती घेतली आणि गज सोडला आत. रिकाम्या नळीत गज तळाला लागला की टण्ण असा आवाज येतो, देवळातल्या छोट्या घंटेसारखा, आणि खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येऊन बसते. त्या दिवशी धप्प असा आवाज आला, गादीवर मुठ मारल्यासारखा. खाच तोंडाच्या चार बोटं वर उभी.

केप नव्हती निपलवर, म्हणजे तशी उडाली नसती हे मला माहिती आहे, ते मी त्या रात्री स्वतःला पन्नास वेळा सांगितलं. पण केपांची डबी माजघरातल्याच कपाटात होती आणि कपाटाची चावी कपाटालाच होती, आणि मुलगा हुशार आहे, त्याने मला केप बसवताना शंभरदा बघितलंय.

पहिलं माझ्या मनात काय आलं, तर बाबांनी भरून ठेवली असेल. म्हातारपणी विसरले असतील. वरच्या वाडीत एक जाणते आहेत, बंदुकांचं काम त्यांच्या हाताखालचं, ते मास्क लावून खळ्याच्या कडेला लांब बसले आणि मला सांगत गेले, मी करत गेलो. आधी नळीत पाणी ओतून तसंच ठेवलं, दारू पार भिजून मेली पाहिजे, मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून हळूहळू फिरवत चिंधी ओढली. ती बाहेर आली. दारूने काळी झालेली, पण मी पाण्यात धुतली तर हिरव्या चौकड्या दिसायला लागल्या. तो माझा पंचा होता. 2019 च्या गणपतीत मुंबईच्या बहिणीने आणलेला, चार दिवसांत फाटला म्हणून मी त्याच्या चिंध्या केल्या होत्या. बाबा त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

मग सगळं आठवलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळाचा पाऊस झाला, कापायला आलेलं भात आडवं झालं, कोंब आले, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका नोव्हेंबरच्या सुरुवातीला हातात आल्या तेव्हा उरलंसुरलं भात शेतात होतं आणि डुकरं रोज रात्री येत होती. मी एका रात्री भरली, मांगरात बसलो, डुकरं आलीच नाहीत, पहाटे घरी येऊन खुंटीला लावली. केप काढली, बार काढला नाही. उद्या परत जाऊ म्हणून. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या बंदुकीच्या कामाला वेग आला, ओरोसच्या फेऱ्या सुरू झाल्या, मग ती घरी आली, आणि ठासणीची माझ्या डोक्यातून पूर्ण गेली. पाच महिने ती भरलेली माझ्या मुलाच्या डोक्यावर टांगलेली होती. एक चिंधी नसती बोलली तर मी ते बाबांच्या नावावर लावून मोकळा झालो असतो, हे मला अजून टोचतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मला माझा आकडा कळला होता. ज्या क्षणी मला माझ्या प्रत्येक नळीत काय आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येणार नाही, त्या क्षणी एक जास्त झालेली असते. कोणाचा आकडा पाच असेल, कोणाचा पंधरा, एखादा माणूस दहा बंदुका तेवढ्याच निगुतीने सांभाळत असेल, मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्याने तीन झाल्या नाहीत. वेळ तर होता, लॉकडाऊनात वेळाला काय तोटा, पण लक्ष एकीवरच जात होतं, नव्या सुनेवर जातं तसं.

मुरूडच्या जंजिऱ्यावर गेलात तर गाईड मोठ्या अभिमानाने सांगतात की इथे 572 तोफा होत्या. मी गेलो होतो तेव्हा कलालबांगडी तोफेजवळ सगळे फोटो काढत होते आणि बाजूला कितीतरी लोखंडी तोफा नुसत्या पडलेल्या, खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेले, हात लावला की बोटाला तांबडा भुगा. आमच्या किनाऱ्यावर लोखंड सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठ दिवस हात लावला नाही तर नळीवर तांबूस घाम येतो. काळी दारू उडवली की तिची राख हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून ठासणीची नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायची, कढत कढत, म्हणजे नळी तापून स्वतःच सुकते, आणि मग तेल. आजोबा रात्री दोनला मांगरातून आले तरी आजीला उठवून पाणी तापवायला लावायचे. आजीच्या शिव्या आणि चुलीचा धूर, माझी बंदुकीची पहिली आठवण हीच आहे.

मग कुठली द्यायची. गावातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, ठासणीची जमा करून टाक, तिला काय किंमत, कोण विकत पण घेणार नाही. हिशोबाने बरोबरच होतं ते. सिंगल बार इशापूरची, रोजच्या कामाची, काडतुसं खडकीची, सहज मिळतात, दुरुस्ती सोपी, तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे उरल्या दोन, एक आजोबांची, जी विकली तर भंगार, आणि एक माझ्या लहानपणाच्या तापातली, जी विकली तर दुसऱ्या दिवशी दहा गिऱ्हाइकं. सप्टेंबरपर्यंत मी ठरवत नव्हतो. मग लक्षात आलं की डबल बार कुठेही गेली तरी तिला जपणारा मिळेल, तिच्या मागे लोक आहेत, जाईल तिथे रेशमी कापडात राहील. ठासणीची माझ्या घरातून गेली तर ठाण्याच्या गोदामात कोपऱ्यात उभी राहील आणि एक दिवस तोडली जाईल, आणि तिच्या गजावरची खाच कशासाठी आहे हे सांगणारा जगात कोणी उरणार नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये, मुदत संपायच्या महिनाभर आधी, मी डबल बार घाटावरच्या एका परवानाधारक दुकानदाराकडे दिली. द्यायच्या आदल्या रात्री उघडली आणि नळीतून बघितलं, बल्बच्या उजेडात, वलयं तशीच होती. डॉक्टरांना सांगायला गेलो तेव्हा पाय जड झाले होते, वाटलं म्हातारा दुखावेल. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारलं, "ज्याने घेतली तो पुसतो ना रे नीट?" मी म्हटलं पुसतो. हे मला खरं तर माहिती नव्हतं, पण दुकानदाराने तिला हातात घेतली होती ती दोन्ही तळव्यांवर, आणि आधी उघडून नळीत बघितलं होतं, मग भाव बोलला होता.

तेव्हापासून दोन आहेत. चावी माझ्या जानव्याला असते. केपा आणि दारू वेगळ्या खोलीत, वेगळं कुलूप. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही खाली उतरतात, मुलगा सुट्टीला असला तर तोही बसतो.

2024 मध्ये दोनदा जमा केल्या. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती जूनपर्यंत, म्हणजे काजू आणि आंबा दोन्हीचा सीझन बंदुकीशिवाय, आणि विधानसभेची 15 ऑक्टोबरला, म्हणजे भात. आमच्याकडे निवडणूक येते ती नेमकी पीक घरात यायच्या वेळेला, आणि शेतकऱ्याची बंदूक राखणीची आहे हे माहिती असूनही बहुतेकांना रांगेत उभं राहावं लागतं, ह्याचा मला मनापासून राग आहे आणि तो जाणार नाही. काही पोरांनी पाइपच्या कार्बाइड गन आणल्या माकडांना पळवायला, कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस होतो आणि तो पेटवायचा, मी माझ्या घरात ती येऊ दिली नाही, त्यात डोकावून बघताना पोरांचे डोळे जातात. आम्ही कुत्रे, पत्र्याचे डबे आणि रात्रभर जागरण एवढ्यावर काढलं. नुकसान झालं. पण घर चाललं, आणि मला थोडी भीतीच वाटली की उद्या मीच म्हणेन एक पुरे.

नोव्हेंबरच्या शेवटी परत मिळाल्या तेव्हा ठासणीच्या नळीवर घोड्याच्या पुढे बारीक तांबडे ठिपके आले होते. चूक माझीच, जमा करताना घाईत तेल कमी लावलं होतं. खळ्यात टोप चुलीवर चढवला, सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आता माझ्याएवढा उंच झालाय, त्याने मी सांगायच्या आधी गज सोडला. टण्ण. खाच तोंडाशी. मग मी उकळतं पाणी ओतायला लागलो, त्याने फडक्यात गुंडाळून नळी धरली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. घाटावरचा तो दुकानदार. म्हणाला एक इंग्लिश डबल बार आली आहे, डॉक्टरांच्यापेक्षाही चांगली, एका घरातून, सिंगल बार देऊन वर थोडे पैसे घातले तर कायद्यात पण बसतंय. फोन मुलाने खांद्यात धरून स्पीकरवर लावला होता, त्याने सगळं ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं.

नळीच्या खालच्या भोकातून काळं पाणी येत होतं, मग करडं, मग जरा स्वच्छ. टोपात अजून अर्धं पाणी होतं आणि ते थंड व्हायच्या आत संपवायला हवं होतं. मी म्हटलं, सांग त्यांना, बाबांचे हात मोकळे नाहीत.